लाकडी पेन कातायचंय? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी पडवीत किंवा मांगरात छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, मांडून लाकडी पेन करायचे, असं मनात असणाऱ्यांसाठी हे पान आहे. लेथ कुठलं घ्यावं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी तो दुसरा ठेवावा. इथे आधी बघायचं ते लाकूड किती सुकलंय. म्हणून खाली मशीनला कमी आणि लाकडाला जास्त जागा दिली आहे.

पेन कातायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं?

बाजारात पेनचं किट मिळतं. त्यात निबाकडचं टोक, क्लिप, मधली रिंग, फिरवायची यंत्रणा, रिफिल आणि पितळी नळ्या असतात. आपण फक्त लाकडी अंग करायचं. सगळ्यांत साधं किट 'स्लिमलाइन'. त्याच्या दोन नळ्या ७ मिमी जाडीच्या असतात.

साधारण २० मिमी चौकोनी आणि १३० मिमी लांब कांडी घ्यायची. नळीच्या लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून तिचे दोन तुकडे करायचे. कापण्याआधी कांडीवर पेन्सिलीने एक सलग रेघ मारून ठेवा, म्हणजे पेन जोडल्यावर लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत जुळतात. मग प्रत्येक तुकड्याला लांबीतून आरपार ७ मिमीचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि टोकं नळीच्या कडेपर्यंत काटकोनात तासायची. त्यानंतर दोन्ही तुकडे मॅन्ड्रेल नावाच्या सळीवर बुशिंगसह, म्हणजे जाडीचं माप दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांसह, ओवायचे आणि लेथवर कातायला घ्यायचं. बुशिंगच्या जाडीपर्यंत आलं की थांबायचं. घासायचं, पॉलिश करायचं, किटचे भाग दाबून बसवायचे.

वाचायला एवढंच आहे. अडतं ते दोन ठिकाणी, भोक पाडताना आणि पेन तयार झाल्यावर महिन्याभराने.

महिन्याभराने काय होतं?

चिरतो. स्लिमलाइनच्या टोकांना नळीवर लाकूड उरतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, पितळ तसं करत नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकूड आपोआप १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं. हीच आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ते सहा टक्क्यांपर्यंत उतरतं. आता श्रावणात गुहागरला केलेला पेन मामेभाऊ पुण्याला घेऊन गेला आणि मार्चमध्ये तो त्याच्या टेबलावर पडून आहे, असं समजा. लाकूड आकसायला बघतं, आत पितळ अडून बसलेलं असतं. मग लाकडाला उभी चीर पडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

म्हणजे लाकूड सुकवायचं कसं, आणि सुकलं हे ओळखायचं कसं?

ओंडका तसाच ठेवून सुकवायचा विचार सोडा. आतपर्यंत सुकायला वर्षं जातात, तोवर वाळवी येते. ओलं असतानाच कांड्या चिरून घ्या, पण २० ऐवजी २३-२४ मिमीच्या, कारण सुकताना त्या आकसतात आणि थोड्या वाकतातही. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं वितळलेलं मेण किंवा फेविकॉलचा जाड थर लावा. पाणी टोकांतून सगळ्यांत वेगाने बाहेर पडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. प्रत्येक कांडीवर झाडाचं नाव आणि महिना लिहा. सगळी लाकडं सुकल्यावर सारखीच दिसतात, लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.

मग मध्ये काड्या घालून त्या माळ्यावर रचा. कौलांखालचा माळा उत्तम. घरात अजून चूल पेटत असेल तर तिच्या वरची जागा त्याहून उत्तम, कारण धुराने किडा लांब राहतो. दसऱ्याला चिरलेल्या फणसाच्या किंवा अकेशियाच्या कांड्या शिमग्यापर्यंत बहुतेक तयार होतात. चिंच, खैर यांसारखी जड लाकडं आणखी वेळ घेतात. पावसाळ्यात चिरलेल्या कांड्या नुसत्या माळ्यावर सुकतील अशी आशा करू नका, त्या बुरशीने काळ्या पडतात.

ओळखायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी त्याच चार-पाच कांड्यांचं वजन करून त्यांच्यावरच लिहायचं. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन हललं नाही, की त्या हवेला जेवढं सुकायचं तेवढं लाकूड सुकलं. 'त्या हवेला' हे मात्र विसरू नका. मे महिन्यात थांबलेलं वजन आणि जुलैमध्ये थांबलेलं वजन एक नसतं. दोन पिनांचं ओलावामापक घेतलंत तर आकडा आठ ते दहा टक्क्यांच्या दरम्यान आला पाहिजे.

किनाऱ्यावर तिथपर्यंत नुसत्या हवेने पोचणं कठीण. म्हणून शेवटचा टप्पा पेटीत. जुनी पत्र्याची पेटी घ्या, खाली आणि वर बोटभर भोकं पाडा, आत तळाला ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि त्याच्या वर बऱ्याच अंतरावर जाळीवर कांड्या. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. थर्माकोलची किंवा लाकडाची पेटी वापरू नये आणि घरात कोणी नसताना बल्ब चालू ठेवू नये. आठ-पंधरा दिवसांत फरक वजनात दिसतो. पेटीतून काढलेल्या कांड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. चार दिवस उघड्यावर राहिल्या तर केलेलं सगळं पाण्यात.

वाडीतली कुठली लाकडं चालतात?

फणसापासून सुरुवात करावी. कापल्यावर पिवळंधमक, काही महिन्यांनी मधासारखं, पुढे तपकिरी. कातायला समजूतदार लाकूड आहे. त्यातही जुन्या घराचा वासा किंवा दाराची चौकट मिळाली तर सोनं. पन्नास-साठ वर्षं छपराखाली काढलेलं लाकूड सुकवण्याच्या कटकटीतून जवळजवळ सुटलेलं असतं. गावात कौलारू घर उतरवून स्लॅब पडतोय असं कळलं, की आधी खिळे काढायची पकड घेऊन जा. खिळा राहिला तर करवतीची आणि पटाशीची धार दोन्ही जातात.

आंबा मऊ आहे आणि ओला असताना चटकन बुरशी धरतो. हीच त्याची गंमतही आहे. बुरशीने लाकडात काळ्या नागमोडी रेघा उमटतात आणि वेळेवर सुकवला तर पेनावर त्या फार देखण्या दिसतात. उशीर झाला तर नुसता भुगा हाती येतो. मऊ भागावर पातळ सुपरग्लू मुरवून मग कातावं. हापूसच्या पेटीच्या फळ्या मात्र विसरा, त्या फार पातळ असतात.

माडाबद्दल सगळेच विचारतात, कारण माड सगळ्यांकडे आहे. फक्त जुन्या माडाच्या बुंध्याकडचा, सालीलगतचा भाग घ्या. मधला गर भुसभुशीत असतो. बाहेरच्या भागात मऊ गरात कडक काळे धागे रुतलेले असतात, त्यामुळे ड्रिल धाग्याच्या मागे भरकटतं आणि बोथट हत्याराने धागे उपटून येतात. पहिल्याच पेनाला माड घेऊ नका. पाचव्या-सहाव्याला घ्या. ठिपक्या-रेघांचं असं अंग दुसऱ्या कुठल्या लाकडाला येत नाही.

सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लावलेल्या अकेशियाला कोणी किंमत देत नाही. पेनसाठी ते पहिल्या दर्जाचं आहे: घट्ट, गडद रेषांचं, फुकट. शिवण फिकट पण स्थिर, चिरण्याचा धोका कमी. सागात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कण असतात, धार लवकर जाते. शिवाय तो तेलकट, म्हणून नळी चिकटवण्याआधी भोक अॅसिटोनने पुसावं. चिंचेचा गाभा जांभळट काळा आणि दगडासारखा. घरात मोडकं खैराचं मुसळ पडलं असेल तर ते फोडून जाळू नका. लालबुंद, जड आणि आजीच्या हाताखालून गेलेलं लाकूड विकत मिळत नाही.

कुठलं लाकूड टाळायचं?

काजरा. त्याच्या बिया विषारी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा भुसा नाकात घ्यायची काहीच गरज नाही. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. काजूचं लाकूड नीट सुकलेलं असेल तर चालतं, पण ज्यांना काजूच्या टरफलाचं तेल उठतं त्यांनी लांब राहावं. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. आणि तसंही कांदळवनाच्या एका फांदीलाही हात लावायचा नाही, ते संरक्षित आहे.

आपल्याच जमिनीतलं झाड तोडलं तर परवानगी लागते का?

अनेक झाडांना लागते. १९६४ च्या महाराष्ट्राच्या झाडं तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, खैर, चिंच, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं आहेत, जमीन आपली असली तरी. पण पेनसाठी झाड तोडायचा प्रश्न येतोच कुठे? आंब्याच्या छाटणीतली मांडीएवढी फांदी वर्षभर पुरते. फांदी घेताना एक करा, तिच्या मधोमध असलेला मऊ गाभा कांडीत येऊ देऊ नका, तिथून चीर ठरलेली. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात पार सिंधुदुर्गापर्यंत वाड्यांतली झाडं पडली. त्यातले ओंडके अजून कित्येकांच्या परसात आहेत. पाऊस न लागलेला असेल तर एखादा चिरून बघा.

लेथ कोणतं घ्यावं आणि एकूण खर्च किती?

पेनला छोटं लेथ पुरतं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, घरगुती २३० व्होल्टवर चालणारी. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे आणि हेडस्टॉक म्हणजे लाकूड फिरवणारं डोकं आणि टेलस्टॉक म्हणजे समोरचं आधाराचं टोक, या दोन्हींना मोर्स टेपर १ किंवा २ ची, म्हणजे ठरलेल्या मापाची निमुळती भोकं हवीत. टेपर नसलेलं लेथ कितीही स्वस्त मिळालं तरी नको, मॅन्ड्रेल बसणार नाही. नवीन लेथ साधारण वीस ते चाळीस हजारांत येतं, हत्यारं, मॅन्ड्रेल, ड्रिल पकडणारा चक आणि ग्राइंडर धरून आणखी दहा-बारा हजार. किट शंभर-दोनशे रुपयांपासून पुढे.

पैसे घालण्याआधी एक काम करा. पलंगाचे, पाळण्याचे कातीव पाय करणारा सुतार तालुक्याच्या गावी अजून सापडतो. सावंतवाडीला गेलात तर चितारआळीत लाकडी खेळणी बघायला मिळतात. अशा माणसाच्या लेथशेजारी एक सकाळ उभं राहिलात, तर पटाशी कुठे टेकवतात आणि हात कसा सरकतो हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट कळतं. चहा पाजा, मध्ये मध्ये बोलू नका.

सुतारकाम येत नाही, तरी जमेल?

जमेल. उलट सुतारकामाची सवय असलेले हत्याराला जोर लावतात. इथे हत्यार टेकवायचं असतं, रेटायचं नसतं.

भोक पाडताना कांडी फुटते. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. दहा मिलिमीटर आत गेलं की ड्रिल बाहेर काढून भुसा झटकायचा, पुन्हा आत. भुसा अडकला की ड्रिल तापतं आणि तापलं की लाकूड तडकतं. वेग कमी, मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास. ड्रिल बाहेर पडताना टोक फुटू नये म्हणून तुकडा दोन-तीन मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरभर लांब ठेवा, आरपार न जाता अलीकडे थांबा आणि ते टोक करवतीने कापून टाका. वेगळं ड्रिल प्रेस नसलं तरी चालतं; लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून भोक अधिक सरळ पडतं. हातातल्या ड्रिलने मात्र करू नका.

नळी चिकटवण्याआधी तिला पॉलिश पेपरने खरखरीत करा. सुपरग्लू पटकन धरतो, कधीकधी नळी अर्ध्यात असतानाच. अॅराल्डाइट लावलंत तर फिरवत फिरवत आत घालायला वेळ मिळतो, फक्त रात्रभर थांबावं लागतं. शनिवारी संध्याकाळी चिकटवून रविवारी कातायचं, हा क्रम सोयीचा.

कातताना वेग किती, धार कशी ओळखायची?

चौकोनी कांडी गोल होईपर्यंत हजार-दीड हजार फेऱ्या, नंतर दोन-अडीच हजार. धार चांगली असेल तर लाकडाच्या लांब मऊ ढलप्या सुटतात. भुसा उडायला लागला की धार गेली. नवशिक्याला कार्बाइडच्या बदलत्या पात्याचं हत्यार सोपं पडतं, धार लावायची कटकट नाही. पण पृष्ठभाग स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेच्या पटाशीने जितका गुळगुळीत येतो तितका त्याने येत नाही, आणि मग ती भरपाई पॉलिश पेपरने करावी लागते.

खाऱ्या हवेने लेथ गंजतं.

गंजणारच. काम झालं की बेड कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा. आठवड्याने एकदा फर्निचरचं मेण. प्लॅस्टिकने झाकू नका, आत वाफ धरते. जुनी सुती चादर बरी. ओल्या लाकडाची कांडी किंवा ओला भुसा बेडवर रात्रभर राहिला तर सकाळी तिथे डाग दिसतो.

पॉलिश कसलं करावं? खोबरेल चालेल का?

नाही. खोबरेल कधी सुकत नाही, पेन चिकट राहतो आणि पुढे खवट वास येतो. जवसाचं उकळलेलं तेल सुकतं, पण हाताच्या घामाने फार टिकत नाही. सध्या बहुतेक जण सुपरग्लूचे पातळ थर देऊन ६०० नंबरपासून पुढे बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपराने घासतात. काचेसारखी चकाकी येते आणि टिकते. पावसाळ्यात या थरावर पांढरी धूसर छटा येते, कारण सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो आणि ओलावा जास्त झाला की बिघडतो. थर अगदी पातळ द्या, मध्ये थांबा, पाऊस कोसळत असेल तर तो दिवस सोडून द्या.

माझं मत विचाराल तर लाख. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून अंगाला बसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. केवडा आपल्या खाडीकाठीही आहे, काटे तासून पान वापरून बघा. लाखेचा पेन उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, एवढं पथ्य.

पावसाळ्यात काम बंदच ठेवायचं?

कातकाम चालू ठेवा, पण डब्यातली सुकी कांडी सकाळी काढून संध्याकाळपर्यंत सुपरग्लूने नळी चिकटवणं, कातणं आणि पॉलिश उरकता आलं तरच. अर्धवट कातलेला तुकडा मॅन्ड्रेलवर पुढच्या शनिवारपर्यंत ठेवला तर तो लंबगोल झालेला सापडतो. लाईट गेली की आधी लेथचा स्विच बंद करा. ती अचानक येते आणि तुमचा हात तेव्हा कांडीवर असू शकतो.

सुरक्षेचं काय?

चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल आणि एन ९५ मास्क, दोन्ही लागतात. हातमोजे अजिबात नकोत. मोजा अडकला तर हात आत खेचला जातो. ओढणी, पदर, लांब बाह्या, मंगळसूत्र, गळ्यातली चेन, अंगठी, मोकळे केस, सगळं बाजूला किंवा बांधून. पॉलिश करताना कापडाऐवजी टिश्यू पेपर वापरा, तो अडकला तर फाटतो. मुलांना घासायला आणि जोडायला घ्या. पटाशी हातात द्यायची ती त्यांची समज बघून, तुम्ही शेजारी उभे असताना.

लाकडात बारीक भोकं आणि पिठासारखी पूड दिसते.

किडा लागला. त्या कांड्या लगेच वेगळ्या करा. पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवल्या तर किडा मरतो. घरचे काय म्हणतील ते आधी विचारून घ्या.

रिफिल संपली तर कुठे मिळेल?

हे पेन भेट देण्याआधी विचारायला हवं. स्लिमलाइनला क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते आणि ती दापोली किंवा देवगडच्या स्टेशनरीच्या दुकानात सहसा नसते. पार्कर पद्धतीची रिफिल मात्र कुठेही मिळते. म्हणून सरावाला स्लिमलाइन, आणि भेट द्यायला पार्कर रिफिलचं किट. ते थोडं जाड असतं, त्यामुळे भिंतीला लाकूडही जास्त उरतं. शाईपेनाचं किट घेतलंत तर कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून भरायची नळी, सोबत आहे ना ते बघा.

विकता येतील का?

येतील, पण दर ठरवताना लाकूड फुकटचं धरू नका. सुकवायला गेलेले महिने त्यात आहेत. मे महिन्यात पर्यटक आणि गणपतीत चाकरमानी, ही दोनच गिऱ्हाइकं. 'आमच्याच वाडीतल्या फणसाचा' म्हणून ऑर्डर देणारा माणूस घासाघीस करत नाही, असं दिसतं. त्यांना पेन चकाकीपेक्षा झाडाच्या नावासाठी हवा असतो.

चिरलेला पेन दुरुस्त होतो का?

बारीक चीर असेल तर होते. त्याच लाकडाचा बारीक भुसा चिरेत दाबून भरा, वर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा, सुकला की घासून पुन्हा पॉलिश करा. हे कोरड्या दिवसांत, चीर सगळ्यांत रुंद असताना करा. पावसाळ्यात ती मिटलेली दिसते म्हणून काही भरलं जात नाही आणि एप्रिलमध्ये पुन्हा उघडते. चीर नखाएवढी रुंद असेल तर पेन खोलायचं किट आणा, ठोकून भाग बाहेर काढा आणि त्याच धातूच्या भागांवर नवीन अंग चढवा. यावेळी कांडीचं वजन आधी करून.